वाढीव पोटगीचा अर्ज: शिवाजीनगरच्या एका वकील कार्यालयाचा अनुभव

माझ्या मुलाच्या पोटगीत वाढ मिळावी म्हणून मी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला होता. त्या कामासाठी नेमलेल्या वकील कार्यालयाच्या सेवेबद्दल हे लिहीत आहे. कौतुकाबरोबर एक गंभीर तक्रारही असल्यामुळे कार्यालयाचे नाव देत नाही.

आमचा घटस्फोट २०१९ मध्ये परस्परसंमतीने झाला. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता आणि संमतीच्या अटींत त्याच्यासाठी दरमहा ८,००० रुपये ठरले होते. 'यापुढे वाढ मागणार नाही' असे एक वाक्यही त्यात होते आणि सुटकेच्या घाईत मी त्याखाली सही करून टाकली होती. पुढच्या पाच वर्षांत मुलाच्या वडिलांनी हिंजवडीतच दोन नोकऱ्या बदलल्या, त्यांचा पगार दुपटीच्या पुढे गेला, आणि इकडे शाळेची फी व बसचे पैसे भरले की त्या आठ हजारांतले काही उरेनासे झाले.

पहिल्या भेटीत मी वडिलांच्या पगाराचाच पाढा वाचू लागले, तेव्हा वकील मॅडमनी मला मध्येच थांबवून "मुलाच्या खर्चाची वही आणली आहे का?" एवढेच विचारले. वही नव्हती. वडिलांचे उत्पन्न वाढले ही बदललेल्या परिस्थितीची एक बाजू झाली, मुलाची वाढलेली गरज ही दुसरी, आणि न्यायालय या दोहोंचा मेळ घालताना आईची कमाईही विचारात घेते. पगाराच्या अमुक टक्के असे ठरलेले कोष्टक आपल्या कायद्यात नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. सहीच्या त्या वाक्याची माझी धास्तीही त्यांनी तिथेच घालवली: पोटगी हा मुलाचा हक्क असून तो आईला सही करून सोडता येत नाही. आमचा हुकूम हिंदू विवाह कायद्याखालचा असल्याने अर्ज त्याच कायद्याच्या कलम २६ खाली करायचा होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली ज्यांना पोटगी मिळाली आहे, त्यांचा मार्ग निराळा आहे. त्यांना पूर्वी कलम १२७ खाली वाढ मागावी लागे आणि १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. आधी भेटलेल्या दोन वकिलांनी यातले काहीच सांगितले नव्हते.

कागदपत्रांच्या कामात मात्र या कार्यालयाचा हात धरणारे कोणी मला भेटलेले नाही. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. माझे प्रतिज्ञापत्र तयार करताना ज्युनिअर वकील सलग तीन शनिवार माझ्याबरोबर पावत्या लावत बसले. दुकानांतून मिळणाऱ्या थर्मल कागदाच्या काही पावत्यांची अक्षरे उडून गेलेली पाहून त्यांनी उरलेल्यांच्या झेरॉक्स तेव्हाच काढायला लावल्या. "ताई, वर्षात बूट किती वेळा घेतले?" या त्यांच्या प्रश्नाला मी हसले होते, पण पाय वाढल्यामुळे सहा महिन्यांतच दुसरा जोड घ्यावा लागला होता, आणि असल्या बारीकसारीक नोंदींची बेरीज महिन्याला दीड हजारावर गेली तेव्हा माझे हसू मावळले. समोरून आलेल्या प्रतिज्ञापत्रात गृहकर्जाचा हप्ता वजा करून पगार दाखवला होता. मॅडमनी फॉर्म १६ आणि बँकेचा उतारा शेजारी शेजारी ठेवून वार्षिक बोनस न्यायालयाच्या नजरेस आणून दिला.

आता तक्रार. सर्व कागद मी २०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात दिले आणि अर्ज दाखल झाला जुलैच्या अखेरीस. मधले सात आठवडे "ड्राफ्ट टायपिंगला आहे" हे एकच उत्तर मिळत होते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे त्याच निकालात म्हटले आहे, आणि आमचा हुकूमही तसाच झाला: अर्जाच्या तारखेपासून दरमहा १९,००० रुपये. म्हणजे महिन्याला अकरा हजारांची वाढ धरली, तर कार्यालयाच्या टंगळमंगळीने मुलाचे सुमारे सतरा-अठरा हजार रुपये बुडाले. ४५,००० रुपये ठरीव फी आणि प्रत्येक तारखेचे २,००० असा दर होता. नऊ तारखा झाल्या, त्यांचे अठरा हजार मात्र वेळच्या वेळी मागून घेतले गेले.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे मला न्यायालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंकडून कळले. फी घेणाऱ्याने ते स्वतःहून सांगावे ही अपेक्षा कदाचित भाबडी असेल. पोटगीच्या कामात महिलांना कोर्ट फी माफ आहे, हे तेवढे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

पाचपैकी साडेतीन गुण देते. मुलगा दहावीला जाईल तेव्हा पुन्हा अर्ज करावा लागेलसे दिसते, आणि मी याच कार्यालयात जाईन. मात्र त्या वेळी ठरीव फीचा दुसरा हप्ता अर्जावर नंबर पडल्याची पावती हातात आल्यावरच देईन.