आठ महिने, तीन स्पर्धा आणि एक खर्चवही: शालेय रोबोटिक्सचा आमचा अनुभव

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. गेल्या जूनपासून जानेवारीपर्यंत सहावी ते आठवीच्या सहा मुलांचा संघ घेऊन मी तीन निरनिराळ्या पद्धतींच्या रोबोटिक्स स्पर्धांत उतरलो आणि पहिल्या दिवसापासून खर्चाची वही ठेवली. या काळात शेजारच्या शाळांतील शिक्षकांनी आणि पालकांनी मला एकच प्रश्न वारंवार विचारला: रोबोट बांधण्याचा कोणता संच घ्यावा? माझे उत्तर आता असे आहे की संचाआधी स्पर्धेची पद्धत निवडावी, कारण पैसा कुठे जातो आणि मुलांच्या कष्टांना न्याय मिळतो की नाही, हे बहुतांशी पद्धतीवर ठरते.

राज्य सरकारच्या कोडिंग व रोबोटिक्स शिक्षण योजनेमुळे आमच्या मुलांना विषयाची तोंडओळख वर्गातच झाली होती. काही शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आहेत आणि त्यांना केंद्राकडून २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान मिळते. आमच्याकडे ती नाही. स्पर्धेचा सगळा खर्च पालक-शिक्षक संघाने आणि गावातील दोन दुकानदारांनी उचलला, म्हणून प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिली स्पर्धा टेबलावरची होती: टेबलावर पसरलेल्या छापील मॅटवर रोबोटने ठरलेली कामे करून गुण मिळवायचे. या धर्तीची जगभर ओळखीची स्पर्धा म्हणजे फर्स्ट लेगो लीग. त्यात अडीच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात, तिन्हींपैकी सर्वोत्तम फेरीचे गुण धरले जातात, आणि रोबोटच्या खेळाबरोबरच रोबोटची रचना, संशोधन प्रकल्प व संघभावना यांचेही परीक्षण होते. आम्ही उतरलो त्या स्पर्धेचे नाव मी घेत नाही, पण तिचे नियम याच वळणाचे होते. वहीतील नोंदी अशा: संच ४६,०००, छापील मॅट व त्यावरील प्रतिकृती ११,५००, प्रवेश शुल्क १५,०००, पुढच्या फेरीसाठी सहा मुले व दोन मोठ्यांचा पुण्याचा तीन दिवसांचा प्रवास ३१,२००, आणि बॅटरी, चाके वगैरे किरकोळ ६,३००. एकूण १,१०,००० रुपये. संच चार-पाच वर्षे टिकेल, म्हणून तो बाजूला ठेवला तरी ६४,००० रुपये केवळ एका हंगामात संपले. या पैशांत आमचा रोबोट दोन ठिकाणी मिळून सहा फेऱ्या, म्हणजे १५ मिनिटे अधिकृतपणे धावला. मिनिटाला सुमारे ४,२६७ रुपये पडले.

रोबोट धावला त्या १५ मिनिटांचाच हिशेब लावणे अपुरे आहे, याची मला जाणीव आहे. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी सोडली तर मुले रोज शाळा सुटल्यावर थांबत होती आणि खरे शिक्षण तिथेच झाले. पावसाळ्यात मॅट गुंडाळून ठेवली की तिला लाटा येतात, आणि अशा एका लाटेवरून गेलेला रोबोट मॅटच्या टोकाला पोचेपर्यंत दोन बोटे बाजूला सरकतो, हे मुलांनी स्वतः शोधून काढले. त्यांनी मॅट दोन दिवस बाकांखाली दाबून ठेवली, तरी लाट गेली नाही. शेवटी रोबोटने आधी भिंतीला टेकून सरळ व्हावे आणि मगच पुढे जावे, अशी आज्ञावली त्यांनी लिहिली. हे शिक्षण कोणत्याही शुल्कापेक्षा मोलाचे आहे.

परंतु ज्या दिवशी निकाल लागतो त्या दिवशी मूल त्या १५ मिनिटांवरच तोलले जाते. दुसऱ्या फेरीत आमच्या वाट्याला आलेल्या टेबलाचा एक पाय आखूड होता. आमच्या आठवीतल्या मुलीने टेबलावर पेन ठेवून ते घरंगळताना परीक्षकांना दाखवले. त्यांनी ते पाहिले, मान्यही केले, पण फेरी पुन्हा घेण्याची तरतूद नियमांत नसल्याचे सांगितले. सर्वोत्तम फेरी धरण्याच्या पद्धतीत एक वाईट फेरी माफ होते, हे खरे आहे. मात्र त्याच पद्धतीत २१०, २०५ आणि २१५ गुण मिळवणारा भरवशाचा रोबोट ६०, २४० आणि ९० गुण मिळवणाऱ्या रोबोटच्या मागे पडतो. ज्या संघाने सातत्यासाठी तीन महिने घालवले, त्याला हे समजावून सांगताना मला फार जड गेले.

दुसरी स्पर्धा जोडीची होती; तीत आम्ही दुसऱ्या शाळेकडून उसना घेतलेला संच वापरला आणि शुल्क व प्रवास मिळून ८,४०० रुपये खर्च केले. या धर्तीची परिचित स्पर्धा म्हणजे व्हेक्स आयक्यू. मैदानावर दोन संघांचे रोबोट ६० सेकंद एकत्र खेळतात आणि दोन्ही संघांना सारखेच गुण मिळतात. जोडीदार चिठ्ठीने ठरतो, सरासरीवर क्रम लागतो, आणि दर चार सामन्यांमागे सर्वांत कमी गुणांचा एक सामना हिशेबातून वगळला जातो. आम्ही आठ सामने खेळलो. एका सामन्यात जोडीदार संघ आलाच नाही, दुसऱ्यात त्यांची बॅटरी उतरली. हे दोन्ही सामने वगळले गेले आणि उरलेल्या सहांवर आमचा क्रम लागला. ही तरतूद मला अत्यंत न्याय्य वाटली. जोडीदाराच्या नशिबाचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण तो सामन्यांच्या संख्येने कमी होतो: सामने चौपट केले की सरासरीतील दैवाचा वाटा निम्म्यावर येतो. म्हणून कोणत्याही स्पर्धेचे पत्रक हातात आले की बक्षिसाच्या रकमेआधी ‘प्रत्येक संघाला किती सामने?’ हे वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन.

तिसरी स्पर्धा एका महाविद्यालयाच्या महोत्सवातील, काळ्या रेषेवरून रोबोट धावण्याची. शुल्क ३०० रुपये. आर्डुइनो (आज्ञावली भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), मोटर ड्रायव्हर, दोन पिवळ्या गिअर मोटरी आणि पाच सेन्सरांची पट्टी घेऊन मुलांनी २,४०० रुपयांत रोबोट बनवला. खर्चाच्या दृष्टीने याहून चांगली स्पर्धा नाही, असे मला तेव्हा वाटले होते. पण ती बाद पद्धतीची होती. दुपारी खिडकीतून आलेले ऊन नेमके वळणावर पडले होते. हे सेन्सर इन्फ्रारेड किरणांनी रेषा ओळखतात आणि उन्हात ती किरणे भरपूर असतात, त्यामुळे सेन्सरला काळी रेषा आणि पांढरा फ्लेक्स यांतला फरकच कळेना. चाळिसाव्या सेकंदाला रोबोट रेषा सोडून बाहेर गेला आणि तीन आठवड्यांचे काम तिथे संपले. मुलांनी परतीच्या कदंब बसमध्येच काळ्या कार्डबोर्डची झालर कापून सेन्सरांभोवती चिकटवली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यातील उन्हात तोच रोबोट सलग दहा फेऱ्या न चुकता धावला, पण तो पाहायला परीक्षक नव्हते. स्वस्त स्पर्धा आपोआप न्याय्य होत नाही, हे मला त्या व्हरांड्यात कळले.

सर्वांना समान संधी मिळावी म्हणून केलेले नियमही कधी कधी उलटतात. अमेरिकेतील फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत पूर्वी सहा आठवड्यांत रोबोट बांधून तो पिशवीत सीलबंद करावा लागे. सर्वांना सारखा वेळ मिळावा, हा हेतू चांगलाच होता. परंतु ऐपत असलेले संघ तसाच दुसरा रोबोट बांधून त्यावर सराव करत राहिले आणि गरीब संघाचा एकुलता रोबोट पिशवीत पडून राहिला. २०२० च्या हंगामापासून तो नियम काढून टाकण्यात आला. त्याच स्पर्धेने २००९ मध्ये मिशिगन राज्यात जी व्यवस्था सुरू केली, ती मला आपल्यासाठी अधिक अनुकरणीय वाटते. दूरच्या एका भव्य स्पर्धेऐवजी शाळांच्या व्यायामशाळांत छोट्या स्पर्धा घ्यायच्या, एकाच शुल्कात प्रत्येक संघाला अशा दोन स्पर्धा द्यायच्या, प्रत्येकीत १२ सामने खेळवायचे आणि दोन्हींचे गुण मिळून पुढचा प्रवेश ठरवायचा. संच विकत घेण्याच्या प्रश्नावरही आपल्याच देशात उत्तर आहे: आयआयटी मुंबईचा ई-यंत्र प्रकल्प महाविद्यालयीन स्पर्धेतील निवडलेल्या संघांना संच स्वतः पुरवतो. शाळांसाठी असे काही झाले तर खर्चाचा मोठा भार हलका होईल.

भाषेबद्दल लिहिल्याशिवाय हा अनुभव पूर्ण होणार नाही. आमची मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकली, पाचवीपासून इंग्रजीतून शिकतात आणि एकमेकांशी कोकणी-मराठीत बोलतात. पुण्यातील परीक्षणात त्याच आठवीच्या मुलीला गिअरबद्दल विचारले गेले. रोबोटचा तो भाग तिने स्वतः जुळवला होता. तिने इंग्रजीत दोन वाक्ये जुळवली आणि ती थांबली. ‘मराठीत सांगू का?’ असे विचारायचे तिला धाडस झाले नाही, आणि तसा पर्याय आहे हे कोणी तिला सांगितलेही नाही. तिच्या मौनाचा अर्थ ‘काम मोठ्यांनी केले असावे’ असा घेतला गेला, हे आम्हाला गुणपत्रिकेवरील शेऱ्यातून समजले. मोठ्यांनी बांधलेले रोबोट ओळखणे आवश्यकच आहे आणि मुलाखत हा त्यासाठी योग्य मार्ग आहे, पण ती मुलाच्या भाषेत झाली पाहिजे.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पाच शाळांनी मिळून साखळीत एक छोटा मेळावा घेतला. कोणत्याही कंपनीचा किंवा घरी बनवलेला रोबोट चालेल, असे ठरवले. प्रत्येक संघाला दोन मिनिटांच्या दहा फेऱ्या दिल्या, त्यांतील सर्वांत कमी गुणांच्या तीन वगळून सात फेऱ्यांची सरासरी धरली, आणि फेऱ्या सुरू होण्याआधी टेबल पाणसळीने तपासले. फ्लेक्सची मॅट ३,५०० रुपयांना छापली, पावभाजी-चहाचे १,८५० झाले. संचाचा खर्च सोडला तर प्रत्येक शाळेला १,०७० रुपये, म्हणजे मिनिटाला सुमारे ५४ रुपये पडले. आमचा संघ तिसरा आला. परीक्षक म्हणून आलेल्या निवृत्त शिक्षिकेने आमच्या त्याच आठवीच्या मुलीला मराठीतच विचारले, ‘हे लहान चाक इथे कशाला लावलेस ग?’ तिने रोबोट उलटा करून बारा दात्यांचे चाक छत्तीस दात्यांच्या चाकाला लागलेले दाखवले, वेग तिसऱ्या हिश्शावर येतो पण जोर जवळपास तिप्पट होतो म्हणून चढावर रोबोट घसरत नाही, असे सांगितले, आणि मग विचारले नसतानाही आज्ञावलीतील भिंतीला टेकण्याची युक्ती पाच मिनिटे समजावून सांगितली. पुढचा मेळावा वाळपईला घ्यायचे ठरले आहे. मॅट आमच्या शाळेत आहे आणि या वेळी ती आम्ही गुंडाळलेली नाही.