इंडस्ट्रियल शिलाई मशीन: १४ महिने रोज वापरल्यावर

दसऱ्याला ही मशीन घरात आली, आज १४ महिने झाले. पहिल्या आठवड्यातच लिहायला बसले होते पण आई म्हणाली, अगं आधी एक लग्नसराई काढ तिच्यावर, मग सांग लोकांना. ते बरोबरच होतं. लग्नसराई झाली, पावसाळा झाला, दिवाळीची ब्लाउजं झाली, आता लिहिते.

मशीन म्हणजे सिंगल नीडल लॉकस्टिच, म्हणजे एका सुईची, सरळ टीप मारणारी, आणि डायरेक्ट ड्राइव्ह. मोटर मशीनच्या डोक्यातच बसवलेली असते, खाली पट्टा नाही. आपल्याकडं कंपनी कुठली का असेना सगळे तिला जुकीच म्हणतात. माझी जुकीची नाही, दुसऱ्या कंपनीची आहे, नाव लिहीत नाही कारण या वर्गातल्या सगळ्या मशीन जवळपास एकाच पद्धतीनं चालतात आणि मला जे सांगायचंय ते कंपनीबद्दल नाहीच. टेबल आणि स्टँड धरून साडेचोवीस हजार पडले. एवढेच पैसे मी अजून एका कोर्सला भरणार होते, ते न भरता मशीन घेतली, आणि सांगली-साताऱ्याकडच्या ज्या मुली फॅशनमध्ये जायचं म्हणतायत त्यांना मी मनापासून सांगते की पहिले मोठे पैसे मशीनवर घाला.

का ते सांगते. माझा फॅशन डिझायनिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा झालेला. त्याच्या आधी निफ्टची, म्हणजे फॅशनच्या सरकारी संस्थेची, परीक्षा दिली होती, खारघरचं कॉलेज डोक्यात होतं, पण नंबर लागला नाही. डिप्लोमात स्केचिंग लै झालं, मूडबोर्ड झाले, कलर व्हील झालं, शिवणाचे तास सगळ्यात कमी आणि तेसुद्धा घरगुती मशीनवर, वीस मुलींत सहा मशीन. मग मुंबईत एका डिझायनरच्या स्टुडिओत असिस्टंटची जागा निघाली म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर बसून गेले. माझी फाईल त्यांनी दोन मिनिटं चाळली आणि आत सॅम्पलिंगच्या, म्हणजे नमुन्याचे कपडे शिवणाऱ्या, मास्तरांकडं पाठवलं. मास्तरांनी कापलेली कॉलर आणि शर्ट हातात दिला, म्हणाले बसा ताई, लावून दाखवा. समोर अशीच मशीन. मी पायडल दाबला आणि कापड हातातून गेलंच, कडेपासून अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) आत टीप जायला पाहिजे होती ती कॉलरच्या टोकाला थेट बाहेर पडली. दुसऱ्यांदा घाबरून इतकं हलकं दाबलं की मशीन हललीच नाही. मास्तर ओरडले नाहीत. म्हणाले, ड्रॉइंग दाखवणारे रोज येतात, शिवून दाखवणारं कधीतरी एखादं येतं, हात तयार करा आणि परत या. नंबर पण दिला. परतीच्या गाडीत मी रडले आणि कराड यायच्या आधी ठरवलं होतं की मशीन घ्यायची.

आता मशीनबद्दल. घरची आईची काळी पायमशीन आणि ही, दोन्ही शिवतात हे खरं, पण दोन्हीवर बसायची सवय पूर्ण वेगळी. ही मिनिटाला ५००० टाक्यांपर्यंत जाते असं लिहिलेलं असतं, तेवढी मी कधीच पळवली नाही आणि ब्लाउज-कुर्तीला तेवढी लागतही नाही. डायरेक्ट ड्राइव्हचा खरा फायदा हा की वरचा स्पीड पॅनेलवरच्या बटणानं बांधून ठेवता येतो. मी पहिला महिना १५०० वर ठेवली, रोज सकाळी एक तास मांजरपाटाच्या तुकड्यावर पेन्सिलनं रेघा मारायच्या आणि त्यावर टीप मारायची, सरळ, मग गोल, मग चौकोनी वळणं, जिथं सुई कापडात असताना गुडघ्याच्या लिव्हरनं कापड दाबून धरणारं पाऊल उचलायचं आणि कापड फिरवायचं. तो गुडघ्याचा लिव्हर सुरवातीला आठवतच नाही, हात आपोआप मागं जातो. तीन आठवड्यांनी गुडघा आपोआप हलायला लागला तेव्हा लक्षात आलं की दोन्ही हात आता कापडावरच राहतात, गोल गळा आणि मुंढा कुठं सुधारला असेल तर इथं. आता २५०० वर असते, लांब कळ्या जोडताना ३५००.

पहिल्या आठवड्यात मात्र टाके सुटायचे. चार टाके बरोबर, दोन गायब. धागा बदलला, धाग्याचं टेन्शन कमी-जास्त केलं, बॉबीन परत भरली, काही नाही. शेवटी मिरजेहून येणाऱ्या मेकॅनिक काकांनी सुई काढली, अर्धा सेकंद उजेडात धरली आणि जराशी फिरवून परत लावली, झालं. घरगुती मशीनच्या सुईला वर एक बाजू चपटी असते त्यामुळं ती चुकीची बसायची शक्यता कमी, पण या मशीनची डीबी सुई वर पूर्ण गोल असते, तिची लांब खाच बरोबर डाव्या हाताला आली पाहिजे, कारण धागा डावीकडून उजवीकडं जातो. थोडी जरी फिरली तरी हूक धागा पकडत नाही. ही गोष्ट मला वर्षभराच्या कोर्समध्ये कुणी सांगितली नव्हती. आणि सुयांचे नंबर खरंच पाळा, शिफॉन-जॉर्जेटला ९, साध्या कॉटनला आणि सिल्कला ११, जाडसर कापडाला १४, जीन्सला १६. मी आधी सगळ्याला १४ लावायचे आणि जॉर्जेट चुणतंय म्हणून मशीनला दोष द्यायचे. चुणण्याचं दुसरं कारण पावलाचा दाब, वरचा स्क्रू थोडा सैल केला की पातळ कापड गुपचूप सरकतं.

खणाचं सांगायलाच पाहिजे कारण माझी निम्मी कमाई खणावर आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्याकडं पूर्वीपासून येतो, पन्हा अरुंद, काठ दोन्हीकडं, आणि विणलेली बारीक नक्षी. एका ताईंनी आजीच्या पेटीतला खण आणून दिला होता, जॅकेट शिवायला. अशा कापडाला एकदा सुईचं भोक पडलं की ते तसंच राहतं, उसवून परत टीप मारायची सोय नाही, आणि खालून कापड पुढं सरकवणाऱ्या मशीनच्या दातांचे वळ पण उठतात. मी खाली बटर पेपरची पट्टी घालून शिवलं आणि नंतर कागद हलक्या हातानं फाडून काढला, एकही वळ नाही. काठ समोरासमोर जुळवताना टाचण्या न लावता आधी धावदोरा घातला, मग १००० च्या स्पीडवर टीप. त्या एका जॅकेटला पूर्ण दिवस गेला. पण बटणपट्टीवर दोन्ही काठांची नक्षी एकमेकांना अशी भिडली की जोड शोधावा लागत होता, आणि त्या ताई कितीतरी वेळ त्यावर बोट फिरवत बसल्या. त्यांच्यामुळं पुढं सात जॅकेटं आली.

ह्या मशीननं मला सगळ्यात मोठं काय शिकवलं असेल तर माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं कापड. आपल्याकडं ब्लाउजमध्ये बाजूला दीड-दोन इंच माया सोडायची पद्धत, पुढं सैल करता यावं म्हणून, आणि ती चांगलीच पद्धत आहे, घरच्या गिऱ्हाईकाला मी अजून सोडते. पण गारमेंटमध्ये पॅटर्नवर जेवढी माया लिहिलीय तेवढीच, अर्धा इंच म्हणजे अर्धाच, कारण दहा बायका वेगवेगळे भाग शिवणार आणि ते शेवटी जुळले पाहिजेत. पायमशीनवर मी अंदाजानं शिवायचे. इथं मी टेबलावर सुईपासून अर्ध्या इंचावर चिकटपट्टी लावली आणि सहा महिने तिच्याकडंच बघून शिवलं. आता पट्टी काढलीय. फॅशन म्हणलं की सगळ्यांना फक्त डिझायनर दिसतो, पण पॅटर्न मास्तर, सॅम्पलिंग, क्वालिटी तपासणारे, मर्चंडायझर, ही सगळी माणसं त्या अर्ध्या इंचाचीच भाषा बोलतात, आणि सांगलीत बसून ती भाषा शिकता येते हे मला ह्या मशीनमुळं कळलं.

तक्रारी पण आहेत. एक, तेल. खालच्या ट्रेमध्ये हाय आणि लो अशा खुणा असतात, त्यांच्यामध्ये तेल राहिलं पाहिजे, आणि पांढरं मशीन ऑइलच, घरातलं दुसरं कुठलं नाही. तेल न भरता नवीन मशीन चालवू नका, आतून खराब होते. पण रात्रभर उभी राहिली की सकाळी सुईच्या दांड्यावरून एखादा थेंब उतरतो, माझ्या एका पांढऱ्या कुर्त्याच्या छातीवर बरोबर मध्ये पडला. लगेच टाल्कम पावडर दाबून ठेवली म्हणून वाचला. तेव्हापासून रोज पहिली पाच मिनिटं चिंधीवरच चालवते. दोन, कंट्रोल बोर्ड. मे महिन्यात ऐन लग्नाच्या ऑर्डरीत पॅनेलवर एरर आला आणि मशीन बंद, दुकानदार म्हणाले वॉरंटीत आहे पण बोर्ड कंपनीकडं पाठवायला लागेल, अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसात चौदा ब्लाउजं आईच्या पायमशीनवर काढली, आई आणि मी आळीपाळीनं. मला राग आला होता आणि अजून आहे, विकताना सर्व्हिस दोन दिवसात असं सांगितलं होतं. नंतर वायरमननं बघितलं तर आमच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. मशीन घ्यायच्या आधी अर्थिंग बघून घ्या. तीन, ही फक्त सरळ टीप मारते. झिगझॅग नाही, काज नाही, पिको नाही. बऱ्याच जणी हे न कळता घेतात.

जागेचं पण. आम्ही सांगलीच्या खणभागात राहतो, २०१९ च्या महापुरात खालच्या खोलीत जे होतं ते सगळं गेलं, त्यात मामांनी आईला दिलेली पहिली मशीन पण गेली. म्हणून ही पहिल्या दिवसापासून माडीवर. डोकं वेगळं, टेबल वेगळं असं चढवायला लागतं, डोकं एकट्या माणसाला उचलत नाही. या पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी वाढायला लागली तेव्हा शेजारी सामान वर नेत होते आणि मी शिवत होते, त्याचं समाधान फार होतं.

पैशाचं सरळ सांगते. आधी दिवसाला दोन अस्तराची ब्लाउजं व्हायची, आता चार होतात, आणि आतून उघडून दाखवायला लाज वाटत नाही. मशीनचे पैसे आठव्या महिन्यात निघाले. मार्चपासून इचलकरंजीच्या एका कुर्तीवाल्यांची सॅम्पल शिवते, एका सॅम्पलचे दोन ब्लाउजांएवढे मिळतात. पॉपलीन, केंब्रिक तिथूनच आणते, बसनं जाऊन येता येतं. ज्यांच्याकडं एकदम पैसे नाहीत त्यांनी पीएम विश्वकर्मा योजना बघा, २०२३ मध्ये सुरू झाली, १८ धंद्यांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मिळतात आणि ट्रेनिंगच्या दिवसांचे ५०० रुपये रोज. शेजारच्या काकूंनी त्यातून घेतली. जुनी घ्यायची असेल तर क्लच मोटरची स्वस्तात मिळते पण ती पाय न लावताही आत घुमत राहते, वीज खाते, आणि स्पीड बांधता येत नाही, शिकणाऱ्याला अवघड. घेताना हलक्या-मध्यम कापडाची मागा, जाड कापडाच्या मॉडेलचे दात मोठे असतात, सिल्क खराब होतं.

पुढं ओव्हरलॉक घ्यायची आहे, आतल्या कडा अजून बाहेरून करून आणते. खिडकीखाली जागा मोजून ठेवलीय. आईची मशीन तिथून हलवायची नाही एवढं ठरलंय.

दिवाळीनंतर मी त्या मुंबईच्या मास्तरांना फोन केला. त्यांना कॉलर आठवत होती. पांढऱ्या पॉपलीनचा एक शर्ट पूर्ण शिवून त्याचे जवळून फोटो पाठवले, कॉलरचे चार. संध्याकाळी त्यांचा फोन आला, म्हणाले टीप चांगली आहे, एकसारखी आहे, पण डावं टोक उजव्यापेक्षा मोठं दिसतंय, मोजा. मोजलं तर खरंच एक सूत जास्त होतं. त्याच रात्री कॉलर उसवली, पुठ्ठ्याचा साचा कापला, दोन्ही टोकं त्यावर आखून घेतली आणि परत लावली. जानेवारीत शर्ट घेऊन या म्हणालेत.