एपीआयचं टेस्ट किट: हलवाल तर खरं बोलेल

वाघ लंगडायला लागला की पिंजऱ्याबाहेरूनही कळतं. मासा मात्र वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो तोवर त्याचे कल्ले पार बिघडलेले असतात. त्यामुळे शाळेतली टाकी असो, हॉटेलच्या दारातली असो, की मत्स्यालयात नव्या माशांना वेगळं ठेवायची, तिथलं निम्मं प्राणिकल्याण पाणी तपासण्यात आहे. त्यासाठी एपीआय कंपनीचं फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट पाण्यात बुडवून रंग बघायच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी भरवशाचं. अट एकच, सूचनापत्रक वाचायचं. नेमकं तेच कुणी वाचत नाही.

खोक्यात सात बाटल्या, चार काचेच्या नळ्या आणि रंगांचं कार्ड. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, शिवाय पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते, साधा (६ ते ७.६) आणि वरचा (७.४ ते ८.८), एवढं यात मोजता येतं. प्रत्येक वेळी पाणी ५ मिली. नळीवरच्या रेघेवर नजर ठेवून भरण्यापेक्षा मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा. बाटली पूर्ण उलटी, सरळ खाली धरायची. तिरपी धरली की थेंब लहानमोठे पडतात. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून हलवू नका, झाकण दिलंय ते लावा. काही बाटल्यांत अ‍ॅसिड नाहीतर कॉस्टिक आहे. तपासलेलं पाणी परत टाकीत ओतायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

अमोनियाला पहिल्या बाटलीचे ८ थेंब, दुसरीचे ८, पाच सेकंद जोरात हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. नायट्राइटला ५ थेंब, बाकी तसंच. हे दोन्ही सोपे.

घोळ होतो नायट्रेटमध्ये. पहिल्या बाटलीचे १० थेंब टाकून नळी दोन-चारदा उलटीपालटी करायची. मग दुसरी बाटली किमान ३० सेकंद खडखडून हलवायची, तिचे १० थेंब टाकायचे आणि नळी पूर्ण एक मिनिट हलवायची. एवढी हलवाहलव कशाला? नायट्रेटचं नायट्राइट करणारी भुकटी त्या बाटलीत तळाला बसते. बाटली बरेच दिवस पडून असेल तर आधी टेबलावर चार ठोके द्या. न हलवता टाकलेल्या थेंबांत भुकटी येतच नाही, नळी पिवळीधमक राहते आणि महिनाभर पाणी न बदललेल्या टाकीतही नायट्रेट ‘०’ दिसतं. उलटी गंमतही होते: पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर तेही या आकड्यात मिसळतं. नायट्राइट शून्य नसताना नायट्रेटच्या आकड्यावर विसंबू नये.

कार्ड ही या किटची सगळ्यात कच्ची बाजू. नायट्रेटचे ४० आणि ८० हे दोन लाल रंग शेजारी धरले तरी ओळखू येत नाहीत. पिवळट दिव्याखाली अमोनियाचं ० आणि ०.२५ यांतही गल्लत होते. रंग दिवसाच्या उजेडातच बघा. शंका आली तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर दुसऱ्या नळीत घेऊन तीच तपासणी करा. दोन्हींचा रंग एकच आला तर तुमचं शून्यच आहे.

आता आकड्याचा अर्थ. हे किट एकूण अमोनिया दाखवतं. त्यातला माशाला बाधणारा भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. २८ अंशांना पीएच ७ असेल तर तो जेमतेम ०.७ टक्के, पीएच ८ असेल तर साधारण ६.५ टक्के. म्हणजे किटवर तोच १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) दिसत असताना एका टाकीत विषारी अमोनिया ०.००७ आणि दुसरीत ०.०६५. कल्ल्यांना इजा ०.०५ च्या आसपास सुरू होते. जुन्या, पीएच उतरलेल्या टाकीत एकदम अर्धं बोअरचं पाणी ओतल्यावर मासे का तडफडतात, ते इथे कळतं. अमोनिया तेवढाच, किंबहुना कमी. पण पीएच वर गेला आणि निरुपद्रवी होतं ते विष झालं. म्हणून पीएच न बघता अमोनिया वाचू नका, आणि अशा टाकीचं पाणी थोडं थोडं बदला.

क्लोरीन, विरघळलेला ऑक्सिजन आणि पाण्याचा कठीणपणा या किटला कळत नाही. लाइट जाऊन पंप बंद पडला तर सगळे आकडे उत्तम आणि मासे मेलेले, असं होऊ शकतं. नळाच्या पाण्यासाठी क्लोरीनची तपासणी वेगळी घ्याच. खाऱ्या पाण्याच्या टाकीला त्यांचा वेगळा संच आहे.

घेताना बाटलीवरचा लॉट नंबर बघा. शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा महिना आणि वर्ष. ०६२३ म्हणजे जून २०२३. सवलतीत मिळणारा खोका बरेचदा त्या चार आकड्यांमुळेच, म्हणजे जुना असल्यामुळेच, स्वस्त असतो.