कुत्र्याचा गाडीतला हार्नेस: पट्टा चांगला, हुक फसवा

गाडीत कुत्र्याला बांधायचा हार्नेस आणि त्याच्यासोबत येणारा छोटा जोडपट्टा, हा संच आम्ही बरेच महिने वापरतोय. मधे एकदा मनापासून कौतुक लिहायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. आता हुक तुटलाय, म्हणून बसले. त्यामुळे सूर तापलेला वाटला तर तो खरोखरच तापलेला आहे.

पुढचा ट्रक अचानक थांबला आणि भावाने जोरात ब्रेक लावला. कुठे धडक नाही, कुणाला ओरखडा नाही. मागून 'कट्' असा आवाज आला आणि आमची चिंगी सीटवरून घसरून खाली पाय ठेवायच्या जागेत पडली. तिला लागलं नाही. पट्टा शाबूत, शिलाई शाबूत, सीटबेल्टच्या खाचेत बसणारी पट्टी शाबूत. हार्नेसच्या कडीत अडकणारा चमकदार हुक तेवढा मधोमध दोन तुकडे.

माझा राग नेमका इथेच आहे. कितीही जोरात ब्रेक दाबला तरी कुत्र्यावर येणारा ओढा साधारण त्याच्या वजनाइतकाच असतो. पट्टा ढिला असेल तर झटक्याने तो थोडा वाढतो. चिंगी १८ किलोची आहे आणि खोक्यावर '४५ किलोपर्यंतच्या कुत्र्यांसाठी' असं ठळक छापलंय. खऱ्या धडकेचं गणित तर फारच वेगळं. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येकावर वजनाच्या जवळजवळ वीसपट ओढा येतो. म्हणजे १८ किलोच्या कुत्रीसाठी साडेतीनशे किलोहून जास्त. वेग ताशी ३० असला तरी सव्वाशे किलो होतातच. जो हुक ब्रेकला टिकला नाही, त्याच्याकडून यातलं काय पेलवलं जाणार होतं?

तुकडे हातात घेऊन खिडकीच्या उजेडात पाहिले. वरून पोलादासारखी चकाकी, पण ती नुसता मुलामा. तुटलेली बाजू राखाडी, साखरेसारखी दाणेदार, आणि मधे टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी. ही ओतीव जस्ताच्या मिश्रधातूची खूण. वितळलेला धातू साच्यात भरताना आत हवा अडकली की अशी पोकळी राहते. चांगलं पोलाद आधी वाकतं, ताणलं जातं, तुटण्याआधी काहीतरी सांगतं. हा धातू काहीच सांगत नाही, सरळ तुटतो. हुकाच्या कडेने साच्याच्या दोन भागांची बारीक रेघही दिसते. नवीन वस्तूवरसुद्धा ती बोटाला लागते, त्यामुळे विकत घेताना हे तपासता येतं. चुंबकाची युक्ती अर्धवट उपयोगाची आहे. चुंबक घट्ट चिकटला तर आत बहुधा पोलाद असतं. पण चिकटला नाही म्हणजे माल वाईटच, असं म्हणता येत नाही, कारण स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांना आणि ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही.

भरवशाची खूण म्हणजे छापलेला आकडा. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या उघडझाप होणाऱ्या कडीवर, तो किती किलोन्यूटन पेलतो ते कोरलेलं असतं. युरोपीय मानकाप्रमाणे नेहमीच्या कॅराबिनरला लांबीच्या दिशेने निदान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन ओढा सोसावा लागतो. आमच्या हुकावर कंपनीचं चिन्ह होतं, पंजाचं सुंदर चित्र होतं, ताकदीचा आकडा मात्र कुठेच नव्हता. '४५ किलोपर्यंत' हे कुत्र्याचं वजन झालं. हुक किती सोसतो ते त्यातून कळत नाही, आणि खोक्यावर या दोन गोष्टींची बेमालूम सरमिसळ केली आहे.

'धडक चाचणी केलेला' या शब्दांबद्दलही तेच. अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने २०१३ मध्ये सुबारू कंपनीच्या मदतीने बाजारातल्या हार्नेसच्या धडक चाचण्या घेतल्या. खऱ्या कुत्र्यांच्या जागी तेवढ्याच वजनाचे पुतळे होते आणि लहान मुलांच्या कारसीटसाठी जी चाचणी असते ती आधाराला घेतली होती. त्यात एकच हार्नेस सर्वोत्तम ठरला. काहींनी तर पुतळा पार सोडून दिला. म्हणून चाचणी कुणी घेतली, किती वेगाला आणि किती वजनाच्या पुतळ्यावर, हे तिन्ही लिहिलेलं नसेल तर त्या शब्दांवर विसंबू नका.

आता हार्नेसबद्दल, कारण तो खरंच चांगला आहे आणि हुकाच्या पापाची शिक्षा त्याला देणं योग्य नाही. छातीवरचा पट्टा रुंद आणि गादीदार आहे, ओढा गळ्यावर न येता छातीच्या हाडावर पसरतो. गळ्यातल्या पट्ट्याला कुत्रा गाडीत कधीच बांधू नये, झटका थेट श्वासनलिकेवर आणि मानेवर येतो. सुरुवातीला पुढच्या पायांच्या काखेत केस घासून लालसर डाग दिसायला लागले, तेव्हा मी हार्नेसला नावं ठेवली होती. पोटाकडचा पट्टा एक घर मागे सरकवल्यावर ते थांबलं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तेवढी गेली की घट्टही होत नाही आणि कुत्रा मागे सरकून निसटतही नाही. धुऊन धुऊन रंग उतरलाय, शिलाई मात्र एका ठिकाणीही उसवलेली नाही.

सगळ्यात मोठा आनंद तिच्या वागण्याचा. पूर्वी चिंगी गाडीभर फिरायची, लाळ गाळायची, प्रत्येक वळणावर तोल सावरायची, कधी उलटी. बांधल्यापासून ती सीटवर अंग टेकते आणि थोड्या वेळात झोपते. निघण्याआधी काही तास तिला खायला न देण्याचाही यात वाटा असणार, पण पाय सतत रोवून उभं राहावं लागत नाही याचा मोठा असावा. तिचं ते निवांत झोपणं पाहून मी हा संच ओळखीच्या दोन घरांना सुचवला होता. हुक तुटल्यावर त्या दोघांनाही त्याच दिवशी फोन केला.

कंपनीचा अनुभव थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि वैतागण्यासारखं जास्त आहे. आधी मूळ खोकं मागितलं. इतक्या महिन्यांनी खोकं कोण ठेवतं? मग फोटो पाठवल्यावर उत्तर आलं की 'प्राण्याने चावल्यामुळे' झालेलं नुकसान हमीत बसत नाही. धातूच्या हुकाच्या मधोमध दात कसे लागणार, हे मी तुटलेल्या बाजूचा जवळून काढलेला फोटो जोडून विचारलं. त्यानंतर नवा जोडपट्टा फुकट आला. त्याला तोच हुक, तीच रेघ, तोच मुलामा. बदली माल मिळाला म्हणून तक्रार मिटली, असं त्यांच्या बाजूने झालं. माझ्या बाजूने नाही.

त्यानंतर घरातला प्रत्येक हुक काढून पाहिला. फिरायला नेतानाची लीश, अंगणात थोडा वेळ बांधायची साखळी, जुना पट्टा. बहुतेक सगळे त्याच जातीचे निघाले. लीशच्या हुकाची गोल फिरणारी मान घासून इतकी बारीक झाली होती की तो लगेच बदलला. रस्त्यावर हुक तुटला तर कुत्रा सरळ गाड्यांमध्ये पळतो, ते गाडीतल्या प्रकाराहून कमी धोक्याचं नाही. म्हणून फोन नंबरची पट्टी लीशला किंवा हार्नेसला न लावता गळ्यातल्या पट्ट्यालाच ठेवावी. कातडीखाली बसवायची मायक्रोचिपही असावी, पण तिच्याकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. तिच्यात फक्त १५ अंकी क्रमांक असतो, कुत्रा कुठे आहे ते ती सांगत नाही. स्कॅनरने क्रमांक वाचला आणि नोंदीत तुमचा चालू फोन नंबर असला, तरच कुत्रा परत येतो.

बांधलेल्या कुत्र्याचा आणखी एक धोका खोक्यावर कुठेही लिहिलेला नाही: ऊन. मोकळा कुत्रा सावलीकडे सरकतो, बांधलेल्याला सरकता येत नाही. कुत्र्याचं अंग आपल्यासारखं घामाने थंड होत नाही, तो धापा टाकून उष्णता बाहेर काढतो, आणि आजूबाजूची हवाच तापली की तो उपायही थकतो. पग, बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या जातींचं तर फारच लवकर बिघडतं. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान मोजलं होतं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा थोड्या उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही. 'पाच मिनिटांत येते' म्हणून बांधलेल्या कुत्र्याला गाडीत ठेवायचंच नाही. पट्टा पायात किंवा गळ्याभोवती गुंडाळला जातो, ते वेगळंच. आम्ही चालत्या गाडीतही उन्हाच्या बाजूच्या काचेला पडदा लावतो. कुत्रा तापलाच, धाप थांबत नसली, हिरड्या लालभडक झाल्या, तोल जायला लागला, तर जागीच अंगभर पाणी ओतून वारा घालायला लागावं आणि मग दवाखान्याकडे निघावं. निघायच्या घाईत पाणी ओतायचं राहू देऊ नका.

सध्या आम्ही जोडपट्टा वापरतच नाही. हार्नेसच्या पाठीवर जाड विणीचा एक फास आहे, मला तो आधी नुसता उचलायचा कान वाटला होता. माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय की गाडीचा सीटबेल्ट त्यातून ओवून थेट बकलमध्ये लावता येतो. मग मधे कुठलाच हुक उरत नाही. बेल्ट हळू ओढला तर सैल होतो, झटका बसला की जागच्या जागी अडकतो, आणि लांबीही कमी असल्यामुळे पुढच्या सीटवर जाऊन आपटण्याइतकी जागा चिंगीला मिळत नाही. बसायला, झोपायला ती पुरते. लावायला थोडा जास्त वेळ लागतो आणि ओल्या कुत्रीवर ते काम जिकिरीचं होतं. जागा मागचीच सीट, पुढे एअरबॅग असते.

त्यामुळे माझं मत बदललं ते असं: हार्नेस घ्या, जोडपट्ट्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर एक छदामही देऊ नका. घेताना पाठीवर सीटबेल्ट जाईल एवढा फास आहे का ते आधी पाहा. माप कुत्र्याच्या वजनावरून न निवडता छातीचा घेर टेपने मोजून निवडा. खोक्यावरचा तक्ता आमच्या बाबतीत एक माप मोठा निघाला होता. हुकावर ताकदीचा आकडा छापा, असं कंपनीला पुन्हा कळवलंय. अजून उत्तर नाही.