२८ एमएमची जुन्या घाटाची लेन्स, अकरा महिन्यांनंतर: अनंताच्या खुणेचं भांडण

सर्व्हिस सेंटरमधून लेन्स दुसऱ्यांदा परत आली तेव्हा सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: ‘तपासणी केली, दोष आढळला नाही.’ त्याच रात्री रागाच्या भरात मी हा अनुभव लिहायला घेतला आणि लेन्स विकायची जाहिरातही टाकली. लेख अर्धवट राहिला ते बरंच झालं, कारण पुढच्या महिन्याभरात माझं अर्धं मत फिरलं. उरलेलं अर्धं अजून जागच्या जागी आहे.

लेन्स २८ एमएम (रुंद कोनाची), एफ २.८, एम माउंट (लायकाच्या कॅमेऱ्यांची जोडणी), सगळी धातूची, सगळी मॅन्युअल. बाकी आकडे तुम्हाला पाठ असतील. कंपनीचं नाव देत नाही, कारण ज्या गोष्टीवर मी इतके महिने घातले ती या जातीच्या कुठल्याही लेन्सच्या बाबतीत घडू शकते. कॅमेरा सोनी ई माउंटचा, मध्ये साधा अडॅप्टर, म्हणजे दोन वेगळ्या जोडण्या जुळवणारं कडं.

मी ही लेन्स घेतली ती तिच्या अंगावर कोरलेल्या खुणांसाठी. अंतराची पट्टी, तिच्याखाली दोन्ही बाजूंना पसरलेले ४, ८, १६ असे छिद्राचे आकडे (आकडा मोठा तितकं प्रकाश आत सोडणारं छिद्र लहान आणि धारदार येणारा पट्टा रुंद), आणि टोकाला अनंताचा, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूंसाठीचा, आडवा आठ. एफ ८ ठेवायचं, रिंग सव्वातीन मीटरच्या आसपास आणायची, की हिशोबाने साधारण १.६५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट यायला हवं. मग कॅमेरा डोळ्याला लावायचीही गरज नाही. माझी मुलगी एका जागी थांबत नाही. ऑटोफोकस तिचा चेहरा शोधेपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो. खुणांवर विश्वास ठेवून, आधीच तयार राहून फोटो काढावा, एवढ्यासाठी मी दीड वर्ष पैसे बाजूला टाकले.

पहिले तीन महिने मी स्वतःलाच दोष देत होते. दोन मीटरवरची माणसं जरा मऊ, म्हणजे धूसर, यायची, मागची भिंत मात्र धारदार. हात हलला असेल, मुलगी पुढे सरकली असेल, अशी समजूत काढत राहिले. मध्ये एकदा कॅमेऱ्यातल्या, हाताचं हलणं सावरणाऱ्या स्टॅबिलायझरला आकडा चुकीचा दिलेला सापडला. या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत, त्यामुळे फोकल लेंग्थ (तो २८ एमएमचा आकडा) मेनूत हाताने भरावी लागते, आणि तिथे आधीच्या लेन्सचे ८५ तसेच राहिले होते. ते दुरुस्त केलं, थोडा फरक पडला, पण मूळ तक्रार गेली नाही.

शेवटी कॅमेरा तिकाटण्यावर बसवला, रिंग आडव्या आठवर टेकवली आणि लांबच्या टॉवरचा फोटो काढला. टॉवर अस्पष्ट. रिंग थोडी थोडी मागे आणत गेले. पाचची खूण आणि अनंताची खूण यांच्या मध्ये, अंदाजे आठ मीटरच्या जागी, टॉवरच्या सळ्या एकदम वेगळ्या दिसू लागल्या. म्हणजे जिथे आठ मीटर तिथे अनंत, आणि पुढची सगळी पट्टी खोटी. ज्या गोष्टीसाठी लेन्स घेतली तीच नुसती नक्षी निघाली. तो राग किती होता ते सांगता येणार नाही.

लेन्स पाठवली. तीन आठवड्यांनी तशीच परत आली. फोटो छापून, खुणा करून पुन्हा पाठवली. यावेळी फोन केला तेव्हा पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मॅडम, स्क्रीनवर मोठं करून फोकस करा ना, सगळे तसंच करतात.” मी त्यांना म्हटलं, सगळे तसंच करत असतील तर ही पट्टी कोरलीत कशासाठी? उत्तर मिळालं नाही. मग तो एका ओळीचा कागद आला.

त्या आठवड्यात मी विकत घेण्याआधी पाहिलेले अकरा रिव्ह्यू पुन्हा पाहिले, एकेक मिनिट थांबवून. रिंग किती मऊ फिरते, हे अकराही जणांनी सांगितलं. उघड्या छिद्राला कोपरे कसे, दिव्यांभोवती किती टोकांचा तारा दिसतो, हे सगळं होतं. छिद्राच्या दहा पात्यांना दहा टोकं येतात, पाती विषम असती तर दुप्पट आली असती. एकाने तर ती मोजूनही दाखवली. पण रिंग अनंतावर टेकवून लांबच्या वस्तूचा एक फोटो? कुणीच काढला नाही. अकरापैकी एकानेही नाही.

याचं कारण मला आता कळतं. चार दिवसांसाठी आलेली लेन्स माणूस स्क्रीनवर मोठं करून फोकस करतो. तसं केलं की पट्टी चूक असली तरी फोटो बरोबर येतो, त्यामुळे दोष दिसतच नाही. तो दिसतो फक्त लेन्स जशी वापरायची तशी वापरली तर, आणि तेही काही आठवडे. चाचणीच्या सपाट तक्त्याचे फोटो काढून कोपरे मऊ म्हणणाऱ्यांबद्दलही हेच. बऱ्याच वाइड लेन्सचं फोकसचं प्रतल (जिथल्या वस्तू धारदार येतात ते) वाटीसारखं वळलेलं असतं. तक्ता सपाट, त्यामुळे मध्य बरोबर बसवला की कोपरे फोकसबाहेर जातात. खोलीत उभ्या माणसांच्या फोटोत तोच कोपरा चांगला येऊ शकतो. शिवाय हे सगळं एकाच नगावर ठरवलेलं. भाड्याने लेन्स देणाऱ्या लेन्सरेंटल्सच्या रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलचे अनेक नग ऑप्टिकल बेंचवर (लेन्स मोजण्याच्या यंत्रावर) मोजून नगानगांतला फरक वर्षानुवर्षं दाखवून दिला आहे. ते आकडे पाहिल्यावर एका नगावरून दिलेला ठाम निकाल मला तरी पटत नाही.

इथे माझं मत बदललं.

माझ्या एका मित्राकडे एम माउंटचाच डिजिटल कॅमेरा आहे. त्याने माझी लेन्स त्यावर लावली, रिंग आडव्या आठवर टेकवली आणि तोच टॉवर टिपला. लख्ख. तीन वेळा काढला, तीनही वेळा लख्ख. मी त्याच्या स्क्रीनकडे बघत राहिले. लेन्स निर्दोष होती. सर्व्हिस सेंटरचा तो कागद खरा होता.

दोष अडॅप्टरचा. एम माउंटच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिलिमीटर, सोनी ई माउंटचं १८. म्हणजे अडॅप्टर ९.८ मिलिमीटर जाड हवा. उसना मायक्रोमीटर आणून चार ठिकाणी मोजला. चारही ठिकाणी ९.७० च्या आसपास. एक दशांश मिलिमीटर कमी. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं, म्हणून हिशोब मांडला. पट्टीवर अनंत जिथे सरकतं ते अंतर म्हणजे फोकल लेंग्थचा वर्ग भागिले फरक: २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, भागिले ०.१, म्हणजे ७८४० मिलिमीटर. ७.८ मीटर! तिकाटण्यावर मला अनंत जिथे सापडलं होतं, बरोबर तिथेच. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. सहा महिन्यांचं कोडं एका भागाकारात सुटलं.

याच हिशोबाने पट्टीवर सव्वातीन मीटर लावले की खरा फोकस साडेपाच मीटरच्या पुढे पडत होता. दोन मीटरवरची माझी मुलगी मऊ येणारच.

अडॅप्टर जरा पातळ बनवण्याची पद्धतच आहे. जाड झाला तर लेन्स अनंतापर्यंत पोहोचतच नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत करतं. पातळ झाला तर रिंग अनंताच्या पलीकडे जाते, एवढंच. आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या लेन्समध्ये फोकस करताना आतले काचगट वेगवेगळे सरकतात, तिथे या फरकाने कोपरेही बिघडू शकतात. माझ्या लेन्समध्ये सगळा काचसंच एकत्र सरकतो, म्हणून फक्त पट्टीच चुकली.

उपाय साधा. अडॅप्टरच्या पुढच्या कड्याचे स्क्रू काढले, खाली ०.१ मिलिमीटरच्या पितळी पत्र्याची कापलेली चकती ठेवली, पुन्हा घट्ट केलं. चकती नीट गोल कापायला चार प्रयत्न लागले. पहिल्या वेळी एका बाजूला पत्रा दुमडला आणि फोटोची डावी बाजू गेली. चौथ्या वेळी आडवा आठ म्हणजे अनंत, हे समीकरण जुळलं.

तेव्हा सर्व्हिसवाल्यांवरचा माझा मुख्य आरोप मी मागे घेते. तरी एक राहतंच: ‘अडॅप्टर तपासून पाहा’ एवढे तीन शब्द त्यांनी त्या कागदावर लिहिले असते तर माझे दोन महिने वाचले असते. रिव्ह्यूवाल्यांबद्दलची तक्रार मात्र वाढली. त्यातल्या बहुतेकांनीही अडॅप्टरवरच लेन्स तपासली होती. पण मिरवायला पट्टीचा फोटो सगळ्यात आधी!

पट्टी खरी झाल्यावरही एक गोष्ट शिकावी लागली. या खुणांमागचा हिशोब फिल्मच्या काळातला, ०.०३ मिलिमीटरचा धूसर ठिपकाही चालतो असं धरून केलेला, बेताच्या आकाराच्या छापील फोटोसाठी. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचा एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं की कडेच्या खुणांपाशी निराशा होणारच. म्हणून मी दोन स्टॉप (छिद्राचे टप्पे) आत वाचते. छिद्र एफ ८, पण खुणा एफ ४ च्या बघायच्या. रिंग दोन मीटरवर ठेवली की साधारण दीड ते पावणेतीन मीटरमधली माणसं मोठ्या छपाईलाही टिकतात. पट्टा अरुंद झाला, पण आता तो भरवशाचा आहे.

बाकीचं थोडक्यात. अंधारे कोपरे आहेत. इतक्या रुंद कोनात सममित (मध्याच्या पुढे-मागे सारख्या) बांधणीच्या लेन्सला प्रकाश तिरका पडण्यामुळेच कोपऱ्यात मध्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड मिळतो, त्यामुळे मी तक्रार करत नाही. कोपऱ्यांतल्या पसरट मऊपणाची तक्रार खरी आहे, पण ती निम्मी सेन्सरची: फिल्मवर काच नव्हती, इथे सेन्सरवर जवळपास दोन मिलिमीटरची आहे, आणि तिरक्या किरणांना ती नडते. मित्राच्या कॅमेऱ्यावर, जिथे काच याहून बरीच पातळ आहे, तेच कोपरे स्पष्ट चांगले आले. सरळ रेषा मात्र सरळ येतात, कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय. लेन्सरचनाकार लुडविग बेर्टेले यांनी १९५० च्या दशकात २१ एमएमच्या बायोगॉन लेन्समध्ये ज्या वाटेने हे साधलं, त्याच सममितीच्या वाटेची ही लेन्स आहे. दाराच्या चौकटी, पुस्तकांची कपाटं, जिन्याचे कठडे. मला त्या रेषांचं फार समाधान वाटतं. हूड घट्ट बसत नाही. छिद्राच्या रिंगचे टप्पे आता थोडे सैल झालेत.

आणि फोकसच्या रिंगखालचं, बोट टेकवायचं ते छोटं बोंड. रिव्ह्यूंमध्ये त्याला एक वाक्य मिळतं. माझ्यासाठी आज तीच ही लेन्स ठेवण्याची खरी गोष्ट आहे. बोंड सरळ खाली असलं की माझ्या नगावर सव्वा मीटर, अंगठ्याइतकं उजवीकडे सरकलं की दोन. अंधाऱ्या जिन्यात न बघता बोटाला अंतर कळतं. गेल्या आठवड्यात मुलगी वरच्या पायरीवरून उडी मारत खाली येत होती. कॅमेरा माझ्या कमरेपाशी होता, बोट बोंडावर, आणि तिचे हवेतले दोन्ही पाय, बुटाच्या सुटलेल्या नाडीसकट, धारदार आले.

तुम्ही या जातीची लेन्स अडॅप्टरवर घेणार असाल, तर पहिल्याच रात्री तिकाटण्यावर ठेवा, रिंग आडव्या आठवर टेकवा आणि सगळ्यात लांबचा दिवा टिपा. दिवा फुगलेला आला तर लेन्स पाठवण्याआधी अडॅप्टर मोजा. माझी विक्रीची जाहिरात मी काढून टाकली आहे, तेव्हा कृपया त्यासाठी निरोप पाठवू नका.