छतावर बिऱ्हाड घेऊन नामिबिया: भाड्याच्या हायलक्सचा चौदा दिवसांचा अनुभव

कराडला माझं गॅरेज आहे. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली झोपून काढली, त्यामुळे भाड्याची गाडी म्हटली की मी आधी तिच्या पोटाखाली जातो, मग बाकीचं. जुलैमध्ये आम्ही चौघं नामिबियाला जाऊन आलो: मी, ही, मेहुणी आणि साडू. साडूभाऊ बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचा आग्रह टूर कंपनीचा. माझं म्हणणं, आठ लाख चोवीस हजार चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि माणसं पुरती तीस लाख. अशा ठिकाणी रस्ताच बघायचा असतो, आणि तो बसच्या खिडकीतून काय दिसणार? शेवटी विंडहुकच्या एका कंपनीकडून टोयोटा हायलक्स डबल कॅब घेतली. छतावर दोन तंबू, मागे फ्रीज, गॅसची शेगडी, भांडी, खुर्च्या, दोन स्टेपन्या. दिवसाला दोन हजार नामिबियन डॉलरच्या आसपास पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही सांगायचं आहे आणि तिथल्या बहुतेक कंपन्यांचा कारभार एकाच साच्याचा आहे.

गाडी ताब्यात घ्यायला दोन तास ठेवा. लोक विमानातून उतरतात, झोप झालेली नसते, सही करतात आणि निघतात. तिथेच फसतात. आम्हाला गाडी दाखवणारा पोरगा हुशार होता. तंबू उघडून दाखवला, परत मिटायला लावला, शेगडी पेटवून घेतली, चमचेसुद्धा मोजून दिले. मी त्याला म्हटलं, आता टायर. प्रत्येक टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चार चाकं आणि एक स्टेपनी चांगली निघाली. दुसऱ्या स्टेपनीवर नक्षी नव्यासारखी, पण आकडा २३१७. म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला माल, खाली लटकून उन्हात भाजलेला, बाजूला बारीक भेगा. पोरगा म्हणाला, "सर, हा कधी वापरलाच नाही." मी म्हटलं, तेच तर दुखणं आहे. दहा मिनिटांत बदलून दिला, तोंड वाकडं न करता. हा गुण मी कंपनीच्या खात्यावर जमा धरतो.

दुसरी गोष्ट, चाकाचे नट. वर्कशॉपमध्ये ते हवेच्या गनने आवळतात. गाडीतल्या पान्याने, माणसाच्या हाताने ते सुटतात का, हे तिथेच बघून घ्या. आमच्या डाव्या मागच्या चाकाचे दोन नट मी पान्यावर उभा राहिलो तरी हलेनात. सगळे सैल करून हाताने पुन्हा आवळून घेतले. साडू घड्याळाकडे बघत होते.

आता विम्याचं. कागदावर "पूर्ण विमा" लिहिलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरांत खरी गंमत. काच आणि टायर वेगळे पैसे भरले तरच. गाडीच्या पोटाला लागलेला मार नाही. समोर दुसरी गाडी नसताना तुम्ही स्वतःच उलटलात तर नाही. कच्च्या रस्त्यावर ताशी ८० च्या वर गेलात, तर गाडीत ट्रॅकर आहे, सगळं तुमच्या खिशातून. अंधार पडल्यावर चालवली तरी तसंच. साडूभाऊंनी इथे मात्र बँकेतली नजर लावली, तासभर ओळ न् ओळ वाचली आणि टायर-काचेचे जादा पैसे भरायला लावले. त्यांना तिथेच चहा पाजला.

अंधाराचा नियम पैशासाठी नाही, जिवासाठी आहे. कुडू नावाचं हरीण आपल्या बैलाएवढं, दिवे दिसले की नेमकं गाडीपुढे उडी मारतं. जुलैत साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, सकाळी साडेसातपर्यंत उगवत नाही. म्हणजे हातात अकरा तास. त्यात चारशे किलोमीटरच्या वर आखू नका, नकाशात पाच तास दिसत असले तरी.

तिथे बी नंबरचे रस्ते डांबरी, आणि ते फार सुंदर. सी आणि डी नंबरचे बहुतेक खडी-मुरुमाचे. गाड्या डावीकडून चालतात, आपल्यासारख्याच, त्यामुळे हाताला सवय करावी लागत नाही. मुरुमाचा रस्ता मात्र पन्हाळी पत्र्यासारखा असतो, आडव्या लाटा पडलेल्या. ताशी ३० ने गेलात तर दातखीळ बसते. ६०-७० ला चाक लाटांच्या माथ्यांवरून पळतं आणि गाडी एकदम शांत होते. ही शांतता फसवी आहे, कारण तेव्हा चाकाची रस्त्यावर पकड अर्धी झालेली असते. वळणाआधी वेग उतरवा, ब्रेक वळणात नको. परदेशी लोकांच्या गाड्या तिथे उलटतात त्या अशाच. हवा तिथे बारमध्ये बोलतात. एक बार म्हणजे आपले साडेचौदा पॉइंट. डांबरावर आमची २.४ होती, मुरुमावर मी २ ला आणली, म्हणजे आपले २९. गाडीही मऊ झाली आणि दगडाचा मारही कमी.

तरी टायर गेलाच. सॉलिटेअरच्या पुढे, कुइसेब खिंडीकडे जाताना, धारदार दगडाने बाजू चिरली. बाजू चिरली की पंक्चर निघत नाही, टायर बाद. डावं मागचं चाक! नट हाताने सुटले. साडूंनी काही न बोलता माझ्याकडे बघितलं, मला तेवढं पुरलं. जॅकखाली घालायला फळी दिलेली होती, नाहीतर मुरुमात जॅक रुतत जातो. वीस मिनिटांचं काम, पण त्या वीस मिनिटांत तासाभरातली एकमेव गाडी आली आणि थांबली. म्हातारा शेतकरी होता, पहिला प्रश्न टायरचा नाही, "पाणी आहे का?" आमच्याकडे वीस लिटर होतं. तुम्हीही ठेवा. मोबाइलला रेंज शहर सोडलं की जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

आता कंपनीच्या नावाने बोटं मोडायची वेळ. तिसऱ्या रात्री सेस्रिमच्या कॅम्पात फ्रीज बंद. गाडीला दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाची, एक फ्रीजची. दुसरी पार मेलेली, चार्ज धरतच नव्हती. दूध नासलं, पनीर गेलं, दही मात्र छान लागलं. फोन लागला तो स्वाकोपमुंडजवळ. तिथल्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसवून दिली, पैसे कंपनीने भरले. पण गाडी देताना त्यांनी ती तपासायला हवी होती की नको? आणि मी तरी? टायरचे आकडे वाचत बसलो आणि दुसऱ्या बॅटरीला मीटर लावायचं सुचलं नाही. हिने ही गोष्ट कराडात सगळ्यांना सांगितली आहे.

छतावरच्या तंबूबद्दल खरं सांगतो. पहिल्या दोन रात्री मजा. आकाश असं की तारे मोजायचे सोडून द्यावे. पण जुलैच्या पहाटे हाडं गोठतात, कंपनीची पांघरुणं पुरत नाहीत, आपल्या घोंगड्या न्या. शिडी उभी आणि पायऱ्या गोल नळीच्या. साठीच्या आसपास रात्री दोनदा उठावंच लागतं, तेव्हा त्या शिडीवर उलटं उतरताना देव आठवतो. मेहुणीचे गुडघे तिसऱ्या दिवशी बोलायला लागले. शिवाय गाडी हेच घर असल्याने भल्या पहाटे जनावरं बघायला निघायचं तर आधी घर मोडावं लागतं. थंडीत बोटं बधिर, चेन सरकत नाही, पंधरा मिनिटं गेली. पुढच्या खेपेला मी एक दिवस तंबू, एक दिवस खोली असं आखेन.

सोसुसफ्लेच्या तांबड्या वाळूच्या टेकड्या बघायच्या तर सेस्रिमच्या फाटकाच्या आतल्या कॅम्पमध्ये राहा. बाहेर राहिलेल्यांना सूर्योदयाला फाटक उघडतं, आतल्यांना तासभर आधी. साठ किलोमीटर डांबर, शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू. तिथे हवा १.२ वर उतरवली, फोर बाय फोर लावलं, म्हणजे चारही चाकांना जोर, आणि एका चालीत, मध्ये न थांबता गेलो. वाटेत दोन गाड्या पोटापर्यंत रुतलेल्या, दोन्हींची हवा डांबराएवढीच. वाळूचा भरवसा नसेल तर तिथे शटल मिळते, लाज वाटायचं कारण नाही. परतताना हवा भरायला विसरू नका.

खाण्याचं. आम्ही दोघं सगळं खाणारे, त्या दोघी शाकाहारी. विंडहुकच्या सुपरमार्केटात कांदे, बटाटे, भोपळा, डाळी मिळतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे घरून. मक्याचं पांढरं पीठ तिथलं रोजचं अन्न, त्याची घट्ट शिजवलेली उकड असते आणि तिला म्हणतात "पाप". मेहुणी पहिल्या दिवशी दचकली, मग रोज सकाळी दोघी तूप-मेतकूट घालून पाप खायच्या. भाकरी थापायचा प्रयत्न फसला, तव्यावर नकाशा झाला. पिठलं मात्र सेस्रिमच्या वाऱ्यात, गाडीच्या आडोशाला, असं झालं की बाजूचं जर्मन जोडपं ताटली घेऊन आलं.

इटोशात चार रात्री राहिलो: ओकाकुयोला दोन, हलाली आणि नामुटोनीला एकेक. हे अभयारण्य १९०७ मध्ये जाहीर झालं, मधोमध पांढऱ्याफेक मिठाचं कोरडं तळं, साधारण पावणेपाच हजार चौरस किलोमीटर. स्वतःची गाडी स्वतः चालवायची, वेग ६० च्या आत, ठरलेल्या कुंपणाबाहेर खाली उतरायचं नाही, सूर्यास्ताआधी कॅम्पात. कोरड्या दिवसांत जनावर पाण्यावर येतंच. म्हणून सिंहाच्या मागे डिझेल जाळत फिरू नका. एका पाणवठ्यावर इंजिन बंद करून तास-दोन तास बसा. आम्ही पहिल्या दिवशी दीडशे किलोमीटर हिंडलो, झेब्रे आणि धूळ. दुसऱ्या दिवशी एका जागी बसलो: बत्तीस हत्ती, एकापाठोपाठ एक, अंगावर पांढरी माती फासलेली, जणू भस्म लावलेले बैरागी.

ओकाकुयोच्या कुंपणाला लागून पाणवठा आहे, रात्रभर त्यावर दिवा असतो, अलीकडे दगडी भिंत आणि बाकं. रात्री साडेनऊला काळा गेंडा आला. आला म्हणजे काय, अंधारातला एक दगड चालायला लागला. दहा पावलं चालायचा, थांबायचा, कान फिरवायचा. पाण्याशी आल्यावर त्याची सावली पाण्यात उलटी उभी राहिली. पन्नासेक माणसं, पण त्याच्या घोटांचा आवाज ऐकू येत होता, जाड पन्हळीतून पाणी ओढावं तसा. मागे कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. गेंडा ताठ झाला, आणि पन्नास माणसांनी एकदम त्या माणसाकडे वळून बघितलं. हिने माझा हात धरला होता तो तसाच. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अहो, याला पाठ खाजवायलासुद्धा कोणी नाही."

परतीला ओटजिवारोंगोत डिझेल भरलं. पंपावरच्या पोराने इंडिया ऐकलं आणि चित्त्यांची चौकशी केली. २०२२ च्या सप्टेंबरात कुनोला आले ते आठ चित्ते नामिबियाचेच. आमचे कसे आहेत, म्हणाला, सासरी दिलेल्या मुलीची विचारपूस करावी तसं. मला फारसं सांगता आलं नाही. तिथे पंपावर डिझेल पोरंच भरतात, काच पुसतात, त्यांना चार-पाच डॉलर द्यायची पद्धत आहे. टाकी अर्धी झाली की भरा, पुढचा पंप दोनशे किलोमीटरवर असू शकतो.

बारीकसारीक: दक्षिण आफ्रिकेचा रँड तिथे एकास एक चालतो, म्हणून इथून रँड न्या. पण उरलेले नामिबियन डॉलर तिथेच संपवा, बाहेर त्यांना कोणी विचारत नाही. आपल्या गीझरचा मोठा तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत नेमका बसतो, मी गॅरेजमधला एक्स्टेंशन बोर्ड नेला आणि सगळ्यांचे फोन चालले. आंतरराष्ट्रीय परवाना कराडच्या आरटीओतून काढला, मूळ लायसनही सोबत लागतं. आम्ही अदिस अबाबामार्गे गेलो. इथिओपिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो, तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर दाखला लागतो. आमचा थांबा कमी होता, तरी लस घेतली. ती किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

गाडी परत देताना त्याच पोराने चाळीस मिनिटं तपासली. समोरच्या काचेला मुगाएवढा टवका होता, तो विम्यात बसला. बाद टायरही बसला. बंद फ्रीजच्या दोन दिवसांचं भाडं मागितलं, त्यांनी एका दिवसाचं दिलं. साडू भांडायला तयार होते, मी आवरलं. पाचपैकी चार गुण, एक बॅटरीचा कापला. जुलै-ऑगस्टची गाडी हवी असेल तर वर्षभर आधी सांगा, आणि दोन स्टेपन्या, टायरचं वर्ष, दुसऱ्या बॅटरीची तपासणी हे तिन्ही ईमेलमध्ये लिहून घ्या, फोनवर नको.