आठव्या हेन्रीच्या वाटेनं: १५३५ चा पश्चिम दौरा की १५४१ चा उत्तर दौरा?

लंडनचा टॉवर आणि हॅम्पटन कोर्ट पाहून झालं आणि ट्यूडर इतिहासाची गोडी लागलेली असेल, तर पुढच्या खेपेला सुट्या सुट्या वास्तू पाहण्यात मन रमत नाही. एखादी अख्खी वाट धरावीशी वाटते. राजा कुठून निघाला, कुणाच्या घरी उतरला, कुठे अडला, कुठून परतला, हे क्रमानं पाहत जावं असं वाटतं. पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत गेलेल्यांना ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

इंग्लंडचा ट्यूडर राजा आठवा हेन्री याचे दोन दौरे अशा सहलीसाठी उत्तम आहेत. पहिला १५३५ चा, अ‍ॅन बुलिन या दुसऱ्या राणीसोबत, इंग्लंडच्या पश्चिमेकडचा. दुसरा १५४१ चा, कॅथरिन हॉवर्ड या पाचव्या राणीसोबत, उत्तरेत यॉर्कपर्यंतचा. दोन्ही वेळा राजा उन्हाळ्यात निघाला आणि ऑक्टोबर सरता सरता विंडसरला परतला. दोन्ही वेळा सोबतच्या राणीचा पुढच्या वर्षी शिरच्छेद झाला: अ‍ॅनचा १९ मे १५३६ रोजी, कॅथरिनचा १३ फेब्रुवारी १५४२ रोजी. साम्य एवढंच. दौऱ्यांचे हेतू वेगळे, प्रदेश वेगळे, आणि आज तिथं जाऊन काय हाती लागतं तेही वेगळं.

माझं मत आधीच सांगतो. पश्चिमेचा दौरा करायचा तर जाणकार मार्गदर्शक असलेल्या सहलीसोबत करा, पैसे जास्त गेले तरी चालेल. उत्तरेचा दौरा मात्र स्वतःच आखा. कारण एका प्रश्नात आहे: राजा ज्या घरांत उतरला त्यांच्या किल्ल्या आज कुणाकडे आहेत?

पश्चिमेला: घरं उत्तम, पण दारं बंद

६ जुलै १५३५ रोजी राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार देणारे सर थॉमस मोर यांचा शिरच्छेद झाला आणि त्याच सुमारास हेन्री आणि अ‍ॅन विंडसरहून निघाले. रोमच्या पोपशी संबंध तोडून जेमतेम वर्ष झालं होतं. राजाला शिकार करायची होतीच, पण नव्या धर्मव्यवस्थेच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या सरदारांच्या घरी उतरून त्यांचा मान वाढवायचाही होता. रेडिंग, अ‍ॅबिंग्डन, वुडस्टॉक, सुडली, ट्यूक्सबरी, ग्लॉस्टर, बर्कली, थॉर्नबरी असा लवाजमा सरकत गेला आणि विल्टशायर-हॅम्पशायरमार्गे परतला. सुडलीजवळच्या विंचकमला राजाचा मुख्य सचिव थॉमस क्रॉमवेल येऊन मिळाला आणि त्याच उन्हाळ्यात मठांच्या तपासणीचं काम सुरू झालं. विंचकमपासून जवळच असलेल्या हेल्स मठात येशूच्या रक्ताची म्हणून एक कुपी पूजली जायची. १५३९ मध्ये तो मठही गेला. आज तिथं कमानींचे अवशेष आहेत.

या वाटेवरचं रत्न म्हणजे ब्रिस्टलच्या उत्तरेचं अ‍ॅक्टन कोर्ट. सर निकोलस पॉइंट्झला राजा येणार असल्याचं कळलं आणि त्यानं आपल्या जुन्या, खंदकानं वेढलेल्या घराला एक नवीकोरी पूर्वेची बाजू जोडली. हे सगळं बांधकाम सुमारे नऊ महिन्यांत उरकलं. राजा-राणी राहिली जेमतेम दोन-तीन दिवस. पुढे हे घर शेतकऱ्याचं घर झालं, पडझड झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीर्णोद्धाराचं काम सुरू झालं तेव्हा भिंतींवर इटालियन वळणाची रंगचित्रं सापडली आणि उत्खननात व्हेनिसची काच, स्पेनची चकाकी दिलेली भांडी निघाली. ग्लॉस्टरशायरातल्या एका सरदारानं दोन-तीन रात्रींसाठी काय काय मागवलं असेल, ते तिथं उभं राहिल्यावर समजतं. हॅम्पटन कोर्टात पुढच्या प्रत्येक राजानं काहीतरी बदललं. इथं तसं झालं नाही, त्यामुळे खोल्यांना अजून १५३५ चा वास आहे.

अडचण अशी, की अ‍ॅक्टन कोर्ट वर्षात मोजकेच दिवस लोकांसाठी उघडतं. तुमची तारीख जुळली नाही तर रस्त्यावरून दिसेल तेवढंच. मार्गदर्शित सहलीचे आयोजक गटासाठी आधीच परवानगी काढून ठेवतात. एकट्यादुकट्याला ते जमणं कठीण. माझ्या मते या एका घरासाठीसुद्धा सहलीचे जास्तीचे पैसे द्यावेत.

थॉर्नबरी कॅसल आज हॉटेल आहे. बकिंगहॅमच्या तिसऱ्या ड्यूकनं, एडवर्ड स्टॅफर्डनं, ते बांधायला घेतलं. १५२१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याचं डोकं उडालं, वाडा अर्धवट राहिला आणि राजाच्या ताब्यात गेला. १५३५ मध्ये ब्रिस्टलला साथ पसरलेली होती म्हणून राजा शहरात गेलाच नाही, शहराचे प्रतिनिधी थॉर्नबरीला आले. राजासाठी १० बैल आणि ४० मेंढ्या, राणीसाठी झाकणाचा सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा प्याला आणि त्यात १०० मार्क, अशी भेट त्यांनी आणली. सहलीत इथं मुक्काम असेल तर खर्च बराच वाढतो. नुसतं जेवण किंवा चहा असेल तर आतल्या ट्यूडर भागात किती फिरू देतात हे आयोजकांना आधी विचारा.

सुडली कॅसल खाजगी आहे, पण हंगामात व्यवस्थित तिकीट काढून पाहता येतं. तिथल्या चॅपलमध्ये हेन्रीची शेवटची राणी कॅथरिन पार पुरली आहे. अ‍ॅन तिथं आली तेव्हा हे सगळं पुढे घडायचं होतं. बर्कली कॅसलही ठरावीक दिवशी उघडतं. दुसरा एडवर्ड या राजाचा १३२७ मध्ये तिथं झालेला मृत्यू आणि ग्लॉस्टर कॅथीड्रलमधली त्याची समाधी एकाच दिवशी पाहिली की त्या प्रदेशाची जुनी कथा जुळून येते. मग वुल्फ हॉल. इथं मन घट्ट करा. सीमोर घराण्याचं ते घर उरलेलं नाही, आहे ती नंतरची खाजगी वास्तू. तरीही जवळपास प्रत्येक सहलीत या नावावर भर असतो, कारण सप्टेंबरच्या सुरुवातीला राजा तिथं उतरला आणि पुढल्या मे महिन्यात त्यानं जेन सीमोरशी लग्न केलं.

मार्गदर्शक पारखायचा तर इथंच पारखा. जेन त्या दिवसांत वुल्फ हॉलमध्ये होती याला समकालीन पुरावा नाही. उलट ऑक्टोबर १५३५ मधल्या पत्रव्यवहारात राजा-राणी आनंदात असल्याचा उल्लेख येतो. जो मार्गदर्शक ‘इथंच राजाची जेनशी नजरानजर झाली’ असं सांगतो, तो पुढेही तसंच सांगत राहील. जो पुराव्याची मर्यादा सांगून मग गोष्ट सांगतो, त्याच्यासोबत आठवडा घालवावा.

हॅम्पशायरमधलं द वाइन हे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं घर चुकवू नका. राजाचा लॉर्ड चेंबरलेन (राजवाड्याचा कारभार पाहणारा अधिकारी) विल्यम सँडिस याचं ते घर. तिथल्या ओक लाकडाच्या लांब दालनात कोरीव चिन्हांची रांग आहे आणि त्यात पहिल्या राणीचं, अ‍ॅरागॉनच्या कॅथरिनचं, डाळिंबही आहे. १५३५ च्या ऑक्टोबरात अ‍ॅन या घरात पाहुणी होती. सात महिन्यांनी तिच्यावर खटला चालला तेव्हा निवाडा करणाऱ्या सरदारांत सँडिसही बसला होता.

उत्तरेला: कथा कठोर, वाट सोपी

१५३६ मध्ये लिंकनशायर आणि यॉर्कशायर पेटले होते. मठ बंद करण्याविरुद्धचा हा उठाव ‘पिलग्रिमेज ऑफ ग्रेस’ म्हणून ओळखला जातो. त्याचा पुढारी रॉबर्ट आस्क याला १५३७ मध्ये यॉर्कला साखळदंडांत लटकवलं. त्यानंतर चार वर्षांनी राजा स्वतः उत्तरेत गेला, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या लांब. फ्रेंच राजदूत मारियाकनं हजारो घोड्यांच्या लवाजम्याचं वर्णन करून ठेवलं आहे. हा पाहुणचार घ्यायला निघालेला राजा नव्हता, शरणागती घ्यायला निघालेला होता. पावसानं रस्ते बुडाले, काही आठवडे वाया गेले, आणि ९ ऑगस्ट १५४१ रोजी तो लिंकनला पोचला. शहराबाहेर तंबूत राजानं हिरवा मखमली पोशाख उतरवून सोनेरी जरीचा चढवला, राणीनं रुपेरी. मग शहरवासीयांसमोर मिरवणूक.

लिंकनला बिशपच्या वाड्याचे अवशेष कॅथीड्रलच्या सावलीत आहेत. पुढे राणीच्या वर्तनाच्या चौकशीत जे उघड झालं त्यातला एक मोठा भाग इथं घडला होता. राणीला रात्री मागच्या जिन्यानं भेटायला राजाचा लाडका सेवक थॉमस कल्पेपर यायचा. अ‍ॅन बुलिनची भावजय लेडी रॉचफर्ड पहाऱ्याला असायची. एका रात्री पहारेकऱ्यानं दार बंद केलं आणि कल्पेपरच्या नोकरानं कुलूप उचकटलं. कॅथरिन तेव्हा विशीच्या आसपास होती. तिच्याकडे उठवळ पोरगी म्हणून पाहणारी वर्णनं पुष्कळ सापडतात. त्या उतारावरच्या पडक्या भिंतींत उभं राहून ती वाचवत नाहीत. पन्नाशी गाठलेला, पायाच्या जखमेनं हैराण झालेला नवरा आणि सभोवती फौज. ती किती एकटी असेल, हे तिथं जाणवतं.

गेन्सबरो ओल्ड हॉल लिंकनहून लोकल ट्रेननं जवळ आहे. लाकडी चौकटींचं, भल्यामोठ्या स्वयंपाकघराचं हे घर इतकं शाबूत आहे की उत्तरेच्या वाटेवर एकच घर आतून पाहायचं असेल तर हेच. कॅथरिन पार पहिल्या लग्नानं या घराच्या मालक बर्ग कुटुंबाची सून होती. पाँटेफ्रॅक्टला ऑगस्टच्या शेवटी राणीनं फ्रान्सिस डिअरमला आपल्या सेवेत घेतलं. हाच तिचा लग्नाआधीचा संबंध पुढे तिच्या जिवावर उठला. पाँटेफ्रॅक्टचा किल्ला १६४९ मध्ये पाडला गेला, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. अवशेष थोडे आहेत, पण १५३६ मध्ये बंडखोरांनी हाच ताब्यात घेतला होता हे माहीत असेल तर अर्धा दिवस सार्थकी लागतो. गावातल्या ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्या जरूर घ्या.

यॉर्कजवळ फुलफर्डला शहरवासीयांनी गुडघे टेकून राजाची क्षमा मागितली आणि भेटी दिल्या. सेंट मेरी मठाचं रूपांतर राजाच्या निवासात करण्यासाठी शेकडो कामगार लावले होते. कारण स्कॉटलंडचा राजा, हेन्रीचा भाचा पाचवा जेम्स, भेटीला येणार होता. तो आलाच नाही. आज मठाचे अवशेष म्युझियम गार्डन्समध्ये मोकळे आहेत आणि मठाधिपतीचं घर ‘किंग्ज मॅनर’ या नावानं यॉर्क विद्यापीठाकडे आहे. त्याला लागूनच एक्झिबिशन स्क्वेअर आहे. तिथून स्वयंसेवी मार्गदर्शक शहराची पायी सहल विनामूल्य घडवतात, १९५१ पासून ही परंपरा आहे. त्यांना १५४१ बद्दल खास विचारा. आवडीनं सांगतात.

मग निर्णय कसा घ्यायचा

उत्तरेत लिंकन, गेन्सबरो, यॉर्क, हल ही सगळी रेल्वेनं जोडलेली आहेत. किंग्ज क्रॉसहून लिंकन आणि यॉर्क दोन्ही दोन तासांच्या आसपास. बिशपचा वाडा, गेन्सबरो ओल्ड हॉल आणि आस्कच्या फाशीशी जोडलेला यॉर्कचा क्लिफर्ड्स टॉवर, तिन्ही इंग्लिश हेरिटेज या वारसा संस्थेकडे आहेत. परदेशी पर्यटकांसाठी त्यांचा ९ आणि १६ दिवसांचा पास मिळतो. एवढ्यासाठी बसची सहल घेऊन रोज सकाळी गटाच्या वेळेला उठण्यात मला अर्थ दिसत नाही. वाचन करून जा. कथा राजकारणाची आहे आणि तयारीशिवाय गेलात तर पडक्या भिंतीच दिसतील.

पश्चिमेत बस कमी, रविवारी तर फारच कमी. स्वतः गाडी चालवता येत असेल तर भारतीय परवान्यावर पाहुणा म्हणून १२ महिने चालवता येते, आणि रस्ता आपल्यासारखाच डाव्या बाजूचा. तरीही बंद दारांचा प्रश्न गाडीनं सुटत नाही. सहल निवडताना पुस्तिकेतली ‘पाहणे’ आणि ‘आत जाऊन पाहणे’ ही वाक्यं वेगळी वाचा. अ‍ॅक्टन कोर्ट आतून आहे का, थॉर्नबरीला मुक्काम आहे की नुसता चहा, प्रवेशशुल्क धरलेलं आहे का, एकट्या प्रवाशाला खोलीचे जादा पैसे किती, शाकाहारी जेवणाची आगाऊ सोय होते का, एवढं लेखी घ्या. गट वीसपेक्षा मोठा असेल तर जुन्या घरांच्या अरुंद जिन्यांत निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो.

आईवडील सोबत असतील तर पश्चिम बरी, गाडी दारापर्यंत जाते. लिंकनची स्टीप हिल ही नावाप्रमाणेच खडी चढण आहे आणि क्लिफर्ड्स टॉवरला पायऱ्या बऱ्याच आहेत.

सहलीचा खर्च झेपत नसेल तर पश्चिम दौऱ्याचं दक्षिणेकडचं टोक तरी स्वतः गाठता येतं. वॉटर्लूहून तासाभरात विंचेस्टर, जिथल्या कॅथीड्रलात त्या सप्टेंबरात सुधारणावादी बिशपांना दीक्षा दिली गेली. त्याच मार्गावर बेसिंगस्टोक, तिथून टॅक्सीनं थोड्याच अंतरावर द वाइन. सकाळी लवकर निघालात तर दोन्ही एका दिवसात होतात. फक्त द वाइन आधी करा, दालन संध्याकाळी लवकर बंद होतं.